बीएमडब्ल्यू आयएक्स१ की मर्सिडीज ईक्यूए? बडोद्यातील रोजच्या वापराचा हिशेब

आपल्या मंडळींपैकी पुष्कळांची गाडी दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच्या वर धावत नाही. अलकापुरी, मकरपुरा, नातवंडांचे क्लास आणि अधूनमधून अहमदाबाद. विजेवरची महागडी एसयूव्ही घ्यायची म्हटली की दोन नावे हमखास निघतात. लांब व्हीलबेसची बीएमडब्ल्यू आयएक्स१ जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, तर मर्सिडीज ईक्यूए २५०+ जुलै २०२४ मध्ये ६६ लाखांना (दोन्ही एक्स-शोरूम). पहिली चेन्नईत जुळवली जाते, दुसरी तयार आयात होते. किमतीतल्या फरकाचे मोठे कारण हेच.

शोरूममध्ये आधी रेंज सांगतात: बीएमडब्ल्यू ५३१, मर्सिडीज ५६० किलोमीटर. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, मोजण्याची पट्टीच वेगळी आहे. ५३१ हा भारतीय चाचणीचा आकडा, ५६० युरोपातल्या अधिक कडक चाचणीचा. म्हणजे खरा फरक दिसतो त्याहून मोठा, आणि तो मर्सिडीजच्या बाजूने. पण अहमदाबादला जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. तेवढे दोन्ही गाड्या वाटेत चार्ज न करता सहज करतील.

घरच्या चार्जिंगचेही तसेच. चाळीस किलोमीटरला साधारण आठ युनिट लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर ती तीन तासांत भरून निघतात. अडते ते फ्लॅटमध्ये. आपल्या मीटरची वायर पार्किंगपर्यंत आणायला सोसायटीची परवानगी लागते. बुकिंगआधी ती मिळवा.

खरा फरक मागच्या सीटवर आहे. बॅटरी तळाशी असल्याने दोन्हींत पायाखालची जमीन उंच होते, गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार कमी पडतो. ईक्यूएमध्ये हे जास्त जाणवते. आयएक्स१चा व्हीलबेस २८०० मिलिमीटर, ईक्यूएपेक्षा सुमारे सात सेंटीमीटर जास्त, शिवाय मागची पाठ थोडी कलते. आई-वडील रोज मागे बसणार असतील तर माझे मत सरळ आयएक्स१ला. वरचे सतरा लाख त्यांच्या गुडघ्यांना काही देत नाहीत.

स्वतःच चालवणार, मागे क्वचितच कोणी, महिन्यातून दोनदा मुंबई, असे असेल तर ईक्यूएची मोठी बॅटरी (७०.५ युनिट, आयएक्स१ची ६६.४) उपयोगी पडेल. स्टिअरिंगमागच्या पॅडलने मोटरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो, तेही गर्दीत सोयीचे.

टेस्ट ड्राइव्हला आजी-आजोबांना सोबत न्या, आणि अर्धा तास मागेच बसवा.