ट्यूबचं भोक काय सांगतं

दिवाळीनंतरचा रविवार. पानशेतच्या अलीकडच्या एका पठारावर माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. पाव तासात चाक पुन्हा रिमवर. जोडीदाराकडची ट्यूब घातली, तीही गेली. तेव्हा कुठे खाली बसून तिन्ही ट्यूब वॉल्व्हला वॉल्व्ह जुळवून गवतावर शेजारी शेजारी पसरल्या. तिन्हींची भोकं एका रेषेत होती. वॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजलं आणि आतून रुमाल फिरवला, तर रुमालाचा धागा अडकला. बाभळीच्या काट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, रबरात रुतून बसलेलं. काट्याचा बाकीचा भाग कधीच मोडून पडला होता, त्यामुळे वरून टायर अगदी स्वच्छ दिसत होता.

काटा उपटून टाकला किंवा नवी ट्यूब घातली की काम झालं, हा डोंगरातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ट्यूब बदलण्याआधी ती का गेली हे कळलंच पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. ट्यूबमध्ये थोडी हवा भरायची आणि ती गालाजवळून, ओठांजवळून हळूहळू फिरवायची. पाण्याचं घमेलं नसलं तरी गालाला बारीकशी फुंकरही कळते. भोक सापडलं की टायरवर तीच जागा शोधायची. ट्यूब उलटसुलट झालेली असू शकते, म्हणून वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना बघायचं. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी आणून ठेवलं, तर हा हिशेब आणखी सोपा होतो. आणि टायरच्या आत बोट फिरवू नका. काच असेल तर बोट कापतं आणि बारीक टोक असेल तर बोटाला कळतही नाही. कापडाला मात्र ते बरोबर लागतं.

भोक कुठे आहे आणि कसं आहे, यावरून कारण कळतं. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, तार किंवा काच. आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर काट्याचा दोष नाही. रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला लागत असते. आणि शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, तर ते दगडाचं काम. चाक दगडाच्या कडेवर आपटलं, हवा कमी होती, टायर पार रिमपर्यंत दबला आणि दगड व रिम यांच्यात ट्यूब चिमटली.

या तिसऱ्या प्रकारामुळेच दुसरा मोठा गैरसमज पसरला आहे: हवा दगडासारखी कडक भरली की पंक्चर होत नाही. चिमटा बसून होणारं पंक्चर त्याने टळतं, हे खरं. काट्याला मात्र कडक टायरचं भय नाही. मऊ टायर काट्यावर थोडा तरी दबतो, कडक टायर आपला भार थेट त्याच्या टोकावर देतो. शिवाय कडक चाक मुरमावर आणि सुट्या दगडांवर उडतं, पकड सुटते आणि उतारावर पडण्याची भीती वाढते. टायरच्या बाजूला छापलेला आकडा हा जास्तीत जास्त हवेचा असतो, तेवढी भरावी असा तो सल्ला नव्हे. साधारण ७० किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना २८ ते ३५ पीएसआय पुरते, मागच्या चाकात दोनतीन जास्त. ट्यूबलेस असेल तर त्याहून पाचेक कमी चालते. हे आकडे सुरुवातीला धरायचे. पुढे आपलं वजन, आपली वाट आणि आपला टायर बघून ठरवावं, आणि निघण्याआधी अंगठ्याने दाबून नव्हे, गेज लावून बघावं.

आपल्याकडच्या काट्यांची ओळखही उपयोगी पडते. बाभळीचे काटे सरळ, लांब, जोडीने येतात. वाळलेली फांदी वाटेवर पडली असेल तर ते टायर आरपार करतात. बोरीच्या जोडीतला एक काटा सरळ असतो, एक वाकडा. सराटा मात्र जमिनीशी पसरतो, आणि पावसाळ्यानंतर त्याची वाळलेली फळं फुटून तुकडे होतात. तुकडा कसाही पडला तरी एखादं टोक वर राहतंच. म्हणून ऑक्टोबरनंतर माळावर, शेताच्या बांधावर किंवा वाटेच्या कडेला सायकल टेकवताना आधी खाली बघायचं. एकाच चाकात चारपाच सराटे लागलेले मी पाहिले आहेत. एक सापडला म्हणून शोध थांबवायचा नाही.

आता ट्यूबलेस. ‘ट्यूबलेस केलं, आता पंक्चरची कटकटच नाही,’ असं नव्यानं खर्च केलेला माणूस मोठ्या विश्वासाने सांगतो. ट्यूबलेस टायर काटे खातो, यात शंका नाही, आणि आपल्या वाटांसाठी मी त्याचीच शिफारस करतो. पण काम करतो तो आतला द्रव, सीलंट. त्यातलं लॅटेक्स भोकातून बाहेर येताना गोठतं आणि भोक बुजतं. चारपाच मिलिमीटरपर्यंत ते निभावतं. त्याहून मोठ्या भोकात मोटारसायकलच्या ट्यूबलेसला घालतात तशी चिकट स्ट्रिप सुईने खोचावी लागते. सायकलसाठी ती बारीक मिळते. आणि बाजूची भिंत फाटली तर दोन्ही उपाय बहुधा अपुरे पडतात.

दुसरं म्हणजे सीलंट वाळतं. आपल्या उन्हाळ्यात दोनतीन महिन्यांत आत नुसती रबराची साय उरते. चाक कानाजवळ धरून हलवा. डुचमळल्याचा आवाज आला नाही तर भरायची वेळ झाली. वाटेत काटा दिसला तर उपटण्याआधी चाक फिरवून तो खालच्या अंगाला आणा, म्हणजे उपटल्याबरोबर द्रव भोकावर साचेल.

आणि ट्यूबलेस असलं तरी पिशवीत ट्यूब ठेवायचीच. ती घालायची वेळ आली, तर आधी ट्यूबलेसचा वॉल्व्ह काढा, आणि मग टायरचा आतला भाग इंच इंच तपासा. महिनोन्‌महिने बुजलेल्या काट्यांची टोकं आत तशीच उभी असतात. ती न काढता ट्यूब घातली तर तिची चाळण होते.

‘काही झालंच तर गावात पंक्चरवाला असतोच.’ असतो, आणि तो मनापासून मदत करतो. पण मुळशीकडच्या एका टपरीवर मला ऐकावं लागलं होतं, ‘दादा, ही वॉल आपल्या पंपाला न्हाय बसत.’ त्याच्याकडे मोटारसायकलचा, म्हणजे श्रेडरचा नोझल होता आणि माझ्या चाकाला बारीक प्रेस्टा. नखाएवढं पितळी अ‍ॅडाप्टर वॉल्व्हवर फिरवून ठेवलं की हा प्रश्न उरत नाही. माझं तेव्हापासून पुढच्या चाकावरच असतं. काँप्रेसरची हवा मात्र टप्प्याटप्प्याने मारायला सांगा, सायकलचा टायर क्षणात भरतो.

खरं म्हणजे चाक स्वतः काढता यावं इतकं हे काम सोपं आहे, आणि ते सोपं व्हावं म्हणून माणसांनी डोकं लढवलं आहे. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायला तास जात आणि गोंद वाळायला रात्र. मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर आणला आणि १८९१ मध्ये त्याच टायरवर शार्ल तेराँने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत जिंकली. टायर चाकावरून सहज उतरतो, ही सोय तेव्हापासूनची आहे. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर वापरू नये. त्याच्या धारेने ट्यूब नव्याने फाटते. उतरवताना वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने प्लास्टिकचे लिव्हर लावा. बसवताना वॉल्व्हपाशी संपवा, कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत न्या, म्हणजे शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनीही चढतो. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात छोट्या दातेरी चाकावर घ्या. उतार संपल्या संपल्या ब्रेकच्या डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. आणि चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेक दाबू नका, पॅड मिटून बसतात.

गाडी हळूहळू दामटत घरी न्यावी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. बसलेल्या चाकावर दोन दगड लागले तरी रिमला पोचा येतो, टायरची भिंत कापली जाते. चालत जावं.

गॅसच्या छोट्या नळकांड्यांबद्दल एवढंच: कार्बन डायऑक्साइडने भरलेलं चाक दुसऱ्या दिवशी मऊ लागलं तर लगेच पुन्हा पंक्चर शोधू नका. हा वायू ट्यूबच्या रबरात हवेपेक्षा बराच लवकर मुरून बाहेर जातो. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची. नळकांडं एकदाच चालतं, म्हणून हातपंप बरोबर हवाच.

उरलं ठिगळ. ठिगळाची ट्यूब कामचलाऊ, असं समजून चांगल्या ट्यूब फेकणारे पाहिले की वाईट वाटतं. बहुतेक वेळा ठिगळ निसटतं ते घाईमुळे. काचपेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा खरवडा, रबराची चमक जाऊ द्या. सोल्यूशन पातळ पसरा आणि थांबा, चारपाच मिनिटं, त्याची ओली चकाकी पूर्ण जाईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ सरकतं. सुकल्यावर लावलेलं रबराशी एकजीव होतं आणि पुढे ओढूनही निघत नाही. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की पिशवीतच वाळून जाते, म्हणून दर दोन महिन्यांनी दाबून बघावी. पानशेतच्या पठारावरच्या त्या तीन ट्यूबपैकी एक आजही माझ्या मागच्या चाकात आहे. तिच्यावर पाच ठिगळं आहेत, आणि त्या दिवशीचं ठिगळ पाचांत सगळ्यात जुनं.