बारा डिसेंबरचे मानकरी

दिल्लीचा तिसरा दरबार १ जानेवारी १९१२ला भरायचा होता. १८७७ आणि १९०३ हे आधीचे दोन्ही दरबार नववर्षाच्या पहिल्याच दिवशी भरले होते आणि साहेबाला आपली रीत मोडायची नव्हती. पण पाचव्या जॉर्जच्या खेपेला नेमका त्याच सुमारास मोहरम येत होता. शोकाचे दिवस आणि तोफांच्या सलाम्या एकत्र नकोत म्हणून मुहूर्त वीस दिवस अलीकडे घेतला गेला. हिजरी पंचांगाने इंग्रजी कॅलेंडरला असं बाजूला सरकवलं आणि मंगळवार, १२ डिसेंबर १९११ ही तारीख हिंदुस्थानच्या इतिहासात शिरली.

‘दिनविशेष’ हा मराठी माणसाचा जुना शौक. शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या खाली तो असतो, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असतो आणि आता सकाळी सकाळी फोनवरही येऊन पडतो. जन्म, मृत्यू, शोध, लढाई, सगळं एका ओळीत एक. या ओळींचं एकमेकींशी काही नातं असतं का, हे तपासायला मी बारा डिसेंबर घेतला, कारण मराठी मुलखाचा या तारखेशी विलक्षण दाट संबंध आहे.

आधी दरबारच पाहू. इंग्लंडच्या राजमुकुटाला देशाबाहेर न्यायची मनाई, म्हणून या एका समारंभासाठी लंडनच्या गॅरार्ड पेढीने नवा मुकुट घडवला. त्यात सहा हजारांहून अधिक हिरे जडवले होते आणि खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला. त्या मुकुटाच्या भाराने आपलं डोकं दुखल्याची नोंद राजाने रोजनिशीत केली आहे. समारंभ संपता संपता राजाने स्वतः दोन घोषणा केल्या. पहिली, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलणार. दुसरी, १९०५ची बंगालची फाळणी रद्द. या दोन्ही गोष्टी तोवर मूठभर लोकांनाच ठाऊक होत्या. तीन दिवसांनी नव्या शहराच्या कोनशिला बसवल्या गेल्या. पुढे ती जागा सोयीची नाही असं ठरलं आणि शहर रायसीना टेकडीकडे गेलं. राजाच्या हातच्या कोनशिलाही मग मुकाट्याने तिकडे हलवाव्या लागल्या.

पण दरबारातून बाहेर पडली ती चर्चा राजधानीपेक्षा एका मुजऱ्याची जास्त होती. मानाच्या क्रमात हैदराबादच्या निजामानंतर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. राजासमोर तीनदा लवायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं, असा शिरस्ता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, अंगावर दागिन्यांचा भार न घेता, हातात काठी घेऊन आले. एकदाच जेमतेम लवले आणि वळून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी हा राजद्रोह ठरवला. दरबाराचं चलच्चित्रण झालेलं होतं, त्यामुळे लंडनमध्ये पडद्यावर ते पुन्हा पुन्हा पाहून लोकांनी महाराजांच्या पावलांचा अर्थ लावला. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंगकडे लेखी माफी मागितली आणि त्या क्षणी आपण गोंधळलो होतो असा खुलासा दिला. मालेगावजवळच्या कवळाण्यातून दत्तक म्हणून गेलेल्या या माणसाने जाणूनबुजून असं केलं की खरोखर भांबावून, यावर चरित्रकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर सक्तीचं प्राथमिक शिक्षण अख्ख्या संस्थानात लागू करणारा आणि तोवर ३६ वर्षं गादीवर असलेला राजा मुजरा कसा करायचा ते विसरेल, हे पटत नाही. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

आता दुसऱ्या घोषणेकडे येतो, कारण या तारखेतला एकमेव खरा धागा तिथे आहे. बंगालच्या फाळणीतून स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ उभी राहिली. टिळकांनी ती महाराष्ट्रात आणली आणि ऑक्टोबर १९०५मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. सहा वर्षांनी फाळणी मागे घेतली गेली. परदेशी कापडाला हात न लावणं हे हत्यार चालतं, याची जाहीर पावती सरकारनेच १२ डिसेंबर १९११ला दिली, असं मी म्हणेन. कबूल करताना सरकारने शब्द वेगळे वापरले, एवढंच.

त्यानंतर बरोबर १९ वर्षांनी, शुक्रवार, १२ डिसेंबर १९३०. मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. मुंबईत काळबादेवी आणि मुळजी जेठा मार्केटचा परिसर म्हणजे कापडाच्या घाऊक व्यापाराची नाडी. परदेशी मालाच्या दुकानांपुढे स्वयंसेवकांची निदर्शनं रोजची झाली होती. त्या दिवशी एका गोऱ्या व्यापाऱ्याचा माल पोलीस बंदोबस्तात लॉरीतून निघाला. लॉरी अडवायला पुढे झालेल्यांत बाबू गेनू सैद नावाचा गिरणी कामगार होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, वय अवघं २२. तो रस्त्यावर आडवा पडला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. देशी चालकाने गाडी पुढे न्यायला नकार दिला आणि गोऱ्या अधिकाऱ्याने चाक हातात घेतलं, अशी हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. सरकारच्या लेखी तो अपघात होता. त्याच दिवशी बाबू गेनू गेला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९३१मध्ये, नव्या दिल्लीचं थाटात उद्घाटन झालं.

बाबू गेनूविषयी कागद शोधू लागलं की एक गोष्ट टोचते. त्याच्या मृत्यूची तारीख, वार, जागा सगळं पक्कं आहे, कारण पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याची नोंद केली. जन्माचं मात्र १९०८ हे साल सांगितलं जातं आणि काही ठिकाणी त्याला १ जानेवारी चिकटवलेली दिसते. या तारखेवर माझा विश्वास नाही. पुण्याच्या उत्तरेकडच्या डोंगरी गावात, शेतमजुराच्या घरी, १९०८ साली जन्मतारीख कोण टिपून ठेवणार? आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदाच १९६९चा. त्याआधीच्या पिढ्यांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिला. प्रत्येक मराठी घरात एक जूनला ‘जन्मलेले’ काका-मामा सापडतात, ते त्यामुळे. ज्यांच्याकडे जन्मतारीख नव्हती ते दिनविशेषात आले ते मरणाच्या दारातून.

आणि जन्माच्या दारातून आलेल्यांचीही बारा डिसेंबरला गर्दी आहे. महाराष्ट्रात हा दिवस फ्लेक्स छापणाऱ्यांची सुगी. शरद पवार यांचा जन्म १९४०चा. त्यांच्या मातोश्री शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या आणि अवघ्या तीन दिवसांच्या बाळाला घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या, असं पवार स्वतः सांगत आले आहेत. त्या काळात एका शेतकरी कुटुंबातल्या बाईने बाळंतपणाच्या खोलीतून थेट बैठक गाठावी, ही गोष्ट मुलाच्या पुढच्या पदांपेक्षा मला मोठी वाटते. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४९ला, परळीजवळच्या नाथ्रा गावी गोपीनाथ मुंडे जन्मले. १९९५च्या सत्तांतराआधी विरोधी पक्षनेते म्हणून मुंड्यांनी पवारांवर जी टीकेची राळ उठवली, ती ऐकलेली माणसं अजून आहेत. सत्तांतरानंतर ते उपमुख्यमंत्री झाले. ३ जून २०१४ला, केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, दिल्लीत मोटार अपघातात ते गेले. तेव्हापासून बीड जिल्ह्यातला बारा डिसेंबर गोपीनाथगडावरच्या जयंतीचा झाला. एकाच्या वाढदिवसाचा केक आणि दुसऱ्याच्या समाधीवरचे हार एकाच दिवशी. दोघांत मूळ नातं कसलं असेल तर ते राजकीय वैराचं आणि अधूनमधून मैत्रीचं. तारखेचं नव्हे.

एक वाढदिवस दोन बड्या नेत्यांत वाटला गेला की ज्योतिषी आणि अंकशास्त्रवाले पुढे सरसावतात. १२-१२ मध्ये राजयोग वगैरे. गणित सोपं आहे. २३ माणसं एका खोलीत जमली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार. त्यांच्या जोड्या होतात ४१,३२८ आणि त्यांना ३६५ने भागलं की सरासरीने शंभरावर जोड्यांचा वाढदिवस एकच निघतो. राजयोग एवढा स्वस्त असता तर मंत्रिमंडळाच्या खुर्च्या कमी पडल्या असत्या. तशा त्या पडतातच म्हणा, पण कारण वेगळं.

याच तारखेला, १९५०मध्ये, बंगळूरला पोलीस शिपाई रामोजीराव गायकवाड यांच्या मराठी घरात मुलगा झाला. त्याचं नाव शिवाजीराव ठेवलं, छत्रपतींवरून. मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार असल्याचं सांगतात. शहर बसमध्ये तिकिटं फाडून झाल्यावर मुलगा मद्रासच्या अभिनय शाळेत गेला. के. बालचंदर यांनी १९७५च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये त्याला पडद्यावर आणलं आणि आपल्याच जुन्या चित्रपटातल्या एका पात्राचं नाव दिलं: रजनीकांत. तमिळनाडूत त्या दिवशी रक्तदानापासून दुधाच्या अभिषेकापर्यंत सगळं होतं. दरबारात नीट न लवलेले एक गायकवाड आणि ज्यांच्यापुढे लाखो लवतात ते दुसरे, अशी जुळवाजुळव दिनविशेषवाल्यांना आवडेल. रक्ताचं किंवा घराण्याचं नातं मात्र त्यात शोधू नये. गायकवाड आडनावाची माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत.

बाकीची यादी भराभर. चित्रकार मुंख (१८६३), कादंबरीकार फ्लोबेर (१८२१), गायक फ्रँक सिनात्रा (१९१५), मुल्कराज आनंद (१९०५), युवराज सिंग (१९८१). १९०१ला मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला बांधलेल्या तारेतून, अटलांटिकपलीकडून आलेले तीन टिंब ऐकले. त्याच्या ग्राहकयंत्रातली पाऱ्याची रचना जगदीशचंद्र बसूंच्या कामाशी जाऊन मिळते, असं संशोधकांनी पुढे मांडलं आहे. दिनविशेषात मात्र बसूंचं नाव या ओळीत कधी येत नाही.

केनियाचं स्वातंत्र्यही बारा डिसेंबरचं, १९६३चं. ही ओळ मराठी वाचकाने वगळू नये. नैरोबीत भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून १९४८मध्ये गेले ते औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची जवळीक इंग्रज सरकारला इतकी खुपली की तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या आणि १९५४मध्ये ते तिथून निघाले. नऊ वर्षांनी नैरोबीत मध्यरात्री झेंडा बदलला. त्या रात्रीच्या कथेत औंधचा हा वाटा आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

तारीख ही वस्तू किती ठिसूळ, याचाही दाखला याच दिवसात आहे. पंडित रविशंकर सॅन दिएगोत गेले ते तिथल्या ११ डिसेंबर २०१२च्या संध्याकाळी. तेव्हा भारतात १२ तारखेची सकाळ उजाडली होती. ज्या १२-१२-१२च्या मुहूर्तासाठी लोकांनी लग्नं आणि बाळंतपणंसुद्धा जुळवून घेतली, त्या दिवशी आपण ही बातमी ऐकली. पुण्यतिथी कोणती धरायची? कोश अमेरिकेची धरतात.

सगळ्यांत अलीकडची नोंद शनिवार, १२ डिसेंबर २०१५ची. पॅरिसला हवामान करार मंजूर झाला तो हा दिवस. शरद पवारांची पंचाहत्तरी त्याच दिवशी. आणि त्याच दिवशी पुण्यात शरद जोशी गेले. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आलेला, कांद्याच्या भावासाठी १९८०मध्ये रस्ता रोखून धरणारा, बायकांच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना भाग पाडणारा माणूस. शेतीमालाच्या भावावर दोन शरदांची मतं एकमेकांना छेद देणारी होती. वाढदिवस आणि निधन अशा दोन्ही बातम्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात शेजारी शेजारी आल्या असणार. पण आज बारा डिसेंबरच्या दिनविशेषात जोशींची ओळ शोधावी लागते.

बाबू गेनूचं नाव अगदीच पुसलं गेलं असं नाही. काळबादेवीत रस्ता आहे, पुण्यात मंडईजवळचं गणेश मंडळ आहे, काही संघटना हा दिवस स्वदेशी दिन म्हणून पाळतात. पण मुंबईच्या नव्या पिढीच्या कानावर हे नाव पडलं ते २७ सप्टेंबर २०१३ला, डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळून ६१ माणसं गेली तेव्हा. कामगार हुतात्म्याच्या नावाची इमारत आणि खाली गाडली गेली ती बहुतेक पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबं.

तेव्हा फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. येत्या बारा डिसेंबरला पहिली ओळ अशी लिहा: बाबू गेनू सैद, गिरणी कामगार, महाळुंगे पडवळ, वय २२. वाढदिवस त्याच्या खाली येऊ द्यात. त्यांची आठवण करून द्यायला चौकाचौकांत फ्लेक्स लागलेले असतातच.