पहिली ट्रायथलॉन : काय घालावे, काय न्यावे आणि काय विकत घेऊ नये

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलतानाही घड्याळ चालूच राहते. याला ट्रायथलॉन म्हणतात. आपल्या वस्त्यांतले तरुण आणि आता तरुणीही पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. दहा किलोमीटर झाले, अर्ध-मॅरेथॉन झाली, की काहींची नजर ट्रायथलॉनकडे वळते. मग आमच्याकडे विचारणा येते ती बहुतेक एकच : खर्च किती येईल? या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. तो कोणी उघड विचारत नाही. लाखाच्या सायकली आणि अंगाला चिकटलेले झुळझुळीत कपडे घातलेल्या त्या गर्दीत आपण शोभू का?

आमचे उत्तर असे की पहिल्या ट्रायथलॉनला वस्तू थोड्या लागतात, पण ज्या लागतात त्या अंगाला नीट बसलेल्या आणि आधी वापरून पाहिलेल्या हव्यात. हप्त्यावर सायकल घेऊन या खेळात उतरू नये. सहा महिन्यांनी गुडघा दुखला किंवा ड्युटी बदलली, तरी हप्ता थांबत नाही.

हा खेळ मुळात श्रीमंतांचा नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे या खाडीकाठी तिथल्या धावपटूंच्या क्लबने या नावाची पहिली शर्यत घेतली. ट्रायथलॉनसाठी खास असा कपडा किंवा खास सायकल तेव्हा अस्तित्वातच नव्हती. लोक होते त्यावर उतरले. पुढे २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि त्याच्याभोवती मोठा बाजार उभा राहिला. तो बाजार वेगाचे शेवटचे काही सेकंद विकतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याला त्या सेकंदांशी काय करायचे आहे?

अंतरही लहान निवडावे. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ बरीच मोठी : समुद्रात १.९ किलोमीटर, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर अर्ध-मॅरेथॉन. तिथून सुरुवात करण्याचे काही कारण नाही. कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतही ट्रायथलॉन होतात. आपल्याला झेपेल ते अंतर आणि जवळचे गाव पाहावे, म्हणजे प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो. हा खर्च सामानाच्या यादीत कोणी धरत नाही, पण खिशातून तोच आधी जातो.

आता कपडे. पाण्यात शिरताना अंगावर जे असेल तेच शेवटच्या रेषेपर्यंत राहील, असा विचार करून कपडा निवडायचा. म्हणून सुती कपडा बाद. सुती बनियन पाणी धरून ठेवते, जड होते, आणि ओली असताना काखेत, जांघेत, छातीवर काचते. वीस किलोमीटर सायकल झाल्यावर तिथली कातडी सोलवटलेली असते आणि घामाचे मीठ त्यावर उतरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, लवकर सुकणारा आणि अंगाबरोबर बसणारा कपडा हवा. ट्रायसूट नावाचा कपडा मिळतो तो हाच : वर बंडी, खाली मांडीपर्यंत चड्डी, आणि बसायच्या जागी पातळ गादी. सायकलस्वारांच्या नेहमीच्या चड्डीतली गादी जाड असते. ती पाणी पिते आणि धावताना बाळाच्या दुपट्यासारखी लोंबते. ट्रायसूट मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पोहण्याची गुडघ्याच्या वरपर्यंतची घट्ट चड्डी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर चढवायला एक सैलसर, सुटसुटीत टी-शर्ट एवढ्यावर स्प्रिंट आरामात होते. ओल्या अंगावर तंग टी-शर्ट चढत नाही, गुंडाळून गळ्याशी अडकतो. हे घरी ओल्या अंगाने करून पाहावे. सायकलवर आणि धावताना उघड्या अंगाने राहायला नियमाने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

कपडा हा नुसता कपडा नसतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, ओळखू येणारी पद्धत सोडायला आणि हातापायांतले जड दागिने उतरवायला सांगितले होते. अंगावरच्या खुणेवरून माणसाची पायरी ठरवणारे तेव्हा होते. मैदानावर बुटाच्या शिक्क्यावरून माणूस जोखणारे आजही भेटतात. त्यांना उत्तर म्हणून महाग कपडा घेण्याची गरज नाही. स्वच्छ, धड शिवलेला, मापाचा कपडा घालून ताठ उभे राहिले की पुरे.

मुलींच्या बाबतीत कपड्याचा प्रश्न घरातूनच सुरू होतो. पोहण्याच्या पोशाखाला आईवडील बिचकतात आणि मुलगी पाण्यापर्यंत पोचतच नाही. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा नायलॉनचा पोशाख मिळतो आणि तो पोहायला काही कमी पडत नाही. त्यावर सायकल आणि धावणेही होते. मात्र तलावावर कोणता पोशाख चालतो हे आधी विचारून घ्यावे, आणि स्त्रियांची वेगळी वेळ असेल तर तीही. आत चांगला आधार देणारी, लवकर सुकणारी स्पोर्ट्स ब्रा हवी. ती नवी असेल तर खालच्या पट्टीजवळ हमखास काचते, तेव्हा दोन-तीन वेळा धुऊन आणि वापरून झालेलीच घालावी. शर्यतीच्या दिवशी पाळी आली तर? पॅड पाण्यात काम देत नाही. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप चालतो, पण कप हाताळायला दोन-तीन पाळ्यांचा सराव लागतो. तो सराव आधीच्या महिन्यांतच व्हायला हवा. या गोष्टी आई, मोठी बहीण, प्रशिक्षक यांच्याशी मोकळेपणी बोलाव्यात. न बोलल्यामुळे किती मुलींचा खेळ सुटतो, हे आपण पाहतोच.

पाण्यासाठी लागणारे सामान फार थोडे. डोळ्यांना बसणारा गॉगल सर्वांत महत्त्वाचा. दुकानातच पट्टा न लावता तो डोळ्यांवर हलका दाबावा. क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. तलावात पारदर्शक काच बरी, उघड्या पाण्यात सकाळचे ऊन समोरून येते म्हणून थोडी गडद. टोपी बहुधा आयोजकच देतात, आणि ती ठळक रंगाची असते ती जीवरक्षकाला डोके दिसावे म्हणून. रबरी वेटसूट हा थंड देशांतला कपडा. आपल्याकडचे पाणी कोमट असते, त्यात तो घातला तर अंग तापेल. पाण्याचे तापमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नियमही तो घालू देत नाहीत. त्याचा विचारच करू नका. मान, काखा, जांघा इथे पेट्रोलियम जेली चोळावी, मात्र गॉगल हाताळून झाल्यावर, नाहीतर काच धूसर होते.

पाण्याबद्दल एक गोष्ट सामानापलीकडची. ज्यांना २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नातवंडांना पोहता येत नसेल तर नवल नाही. गावातली इतर मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. ती विहीर आपल्या आजोबांसाठी बंद होती. त्यामुळे तिशीत पोहायला शिकण्यात लाज कसली? पालिकेच्या तलावावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, रीतसर शिकावे. तळ्यात किंवा समुद्रात एकट्याने सराव कधीही करू नये. न थांबता हजार मीटर तलावात पोहता येईपर्यंत उघड्या पाण्याच्या शर्यतीत नाव देऊ नये, असे आमचे मत आहे.

सायकलवर सर्वांत जास्त पैसा उडतो आणि सर्वांत जास्त फसवणूकही तिथेच होते. घरात आहे ती गिअरची किंवा बिनगिअरची सायकल पहिल्या स्प्रिंटला चालू शकते. आयोजकांचे नियमपत्रक मात्र वाचून घ्यावे. दोन्ही ब्रेक घट्ट लागले पाहिजेत. हँडलच्या दोन्ही टोकांची बुचे बसलेली हवीत. पोकळ उघडी नळी पडताना पोटात घुसते, म्हणून अशी सायकल तपासणीत अडवली जाते. दहा-वीस रुपयांच्या बुचासाठी शर्यत हुकू नये. सीटची उंची अशी ठरवा : सीटवर बसून, पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग पंजा पॅडलवर ठेवला की गुडघा जरासा वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेकजण सीट फार खाली ठेवून चालवतात आणि गुडघेदुखीला सायकलचा दोष देतात.

हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते, त्या मर्यादेत राहावे. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता हेही पाहून ठेवा. रेसिंग सायकलींना बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते, ती किल्लीच्या जुडग्याला अडकवून ठेवावी. एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे चमचे आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत. पंक्चर काढायला वाटेत कोणी येत नाही. घराच्या ओट्यावर चार वेळा चाक काढून, ट्यूब बदलून पाहिली की हात बसतो.

हेल्मेटवर काटकसर नको. मोटारसायकलचे हेल्मेट चालत नाही. सायकलचेच हवे, आत ईएन १०७८ असा शिक्का पाहून घ्यावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून तडकलेले असते, म्हणून कोणाचे जुने घेताना ते पडले होते का हे विचारा. नियम असा की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल जागेवर टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. नवखे इथेच दंड खातात.

धावण्यासाठी वेगळे काही नको. ज्या बुटांत सराव केला तेच, सायकललाही तेच. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी. नाडीच्या जागी इलॅस्टिकची नाडी घातली की पाय नुसता सरकवायचा. अंकाची चिठ्ठी सायकलवर पाठीमागे आणि धावताना पुढे दिसावी लागते. त्यासाठी पट्टा विकत मिळतो, पण टेलरकडचे रुंद इलॅस्टिक, एक हूक आणि सेफ्टी पिना यांतही तो होतो. कानात इअरफोन घालू देत नाहीत.

उन्हाचा आणि पाण्याचा हिशेब आपल्या लोकांनी जास्त काटेकोरपणे करावा. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. वाहक असलेला, म्हणजे एएस, माणूस एरवी ठणठणीत असतो आणि खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना एकदम जोर लावला तर त्याला गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून शर्यतीचा अर्ज भरण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. सोल्युबिलिटी चाचणी साधी आहे. ती सदोष आली तर वाहक की रुग्ण हे पुढच्या तपासणीत कळते. वाहकाने सायकलला एकाऐवजी दोन बाटल्या लावाव्यात, फिकट रंगाचा कपडा आणि झालरीची टोपी घ्यावी, सराव हळूहळू वाढवावा, आणि पाय गळून गेले, वेगळेच दुखू लागले तर तिथेच थांबावे, दम टिकवण्याची ईर्ष्या करू नये. सिकलसेलचा रुग्ण असेल त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनाही हेच लागू.

सामान गोळा झाले की त्याची तालीम करावी. विहाराच्या आवारात एक टॉवेल अंथरा. त्यावर बूट तोंड उघडे करून, त्यात मोजे गुंडाळून, हँडलवर हेल्मेट उलटे, त्यात अंकाचा पट्टा. अंगावर बादलीभर पाणी ओतून पळत या आणि सगळे चढवा. पाचव्या वेळी घाई न करता काम होते. भिक्खूचे अष्टपरिष्कार मोजून आठ : तीन चीवरे, पात्र, कंबरपट्टा, वस्तरा, सुई, पाणी गाळायचे वस्त्र. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचे काम ठरलेले. टॉवेलवरच्या वस्तूही आठाच्या वर जात असतील तर एखादी उचलून ठेवायला हरकत नाही.

पंप, हेल्मेट, सायकल गाडीवर नेण्याचा स्टँड या वस्तू प्रत्येकाने घेण्याचे कारण नाही. विहारात वाचनालय चालते तसे हे सामान सामायिक ठेवता येईल. एका वहीत नोंद, नेणाऱ्याची सही, आणल्यावर तपासणी. एखाद्या मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून चार मुलांचे हेल्मेट घेतले तर आम्हाला आनंदच होईल.

परत आल्यावर गॉगल आणि पोशाख साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घालावा. क्लोरीन आणि समुद्राचे मीठ दोन्ही इलॅस्टिक खातात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, उन्हात ठेवू नयेत. साखळी पुसून तेल द्यावे, त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरणेही नको वाटेल.