कॅप्टन कर्कच्या थडग्यावरची खरी चूक

खान आणि चेकॉव्हचं प्रकरण या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. गेल्या लेखात 'जेम्स आर. कर्क'चा नुसता उल्लेख करून मी पुढे सरकलो आणि त्यावर सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं. मालिकेच्या नायकाचंच नाव चुकीचं, तेही दगडावर कोरलेलं, आणि सबंध चमूत ते एकाच्याही लक्षात येऊ नये? प्रश्न रास्त आहे. शिवाय ही शिळा माझ्या इतक्या जिव्हाळ्याची आहे की तिच्यासाठी एक अख्खा लेख खर्ची घालायला मला निमित्तच हवं होतं.

भाग 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर'. 'स्टार ट्रेक'चा हा दुसरा पायलट. तो चित्रित झाला जुलै १९६५मध्ये आणि प्रेक्षकांना दिसला २२ सप्टेंबर १९६६ला, तोही तिसऱ्या क्रमांकावर. मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला. म्हणूनच या भागात डॉक्टर मॅकॉय नाहीत, त्यांच्या जागी डॉक्टर पायपर आहेत. सुलू सुकाणूवर नसून भौतिकशास्त्रज्ञ आहे. आणि स्पॉकचा शर्ट निळा नाही. आकाशगंगेच्या सीमेवरचा पट्टा ओलांडताना कर्कच्या जहाजावरच्या गॅरी मिचेलला झटका बसतो, त्याचे डोळे चंदेरी होतात आणि अंगात देवासारखी ताकद येते. शेवटी डेल्टा वेगा ग्रहावर तो हात न लावता जमीन उकरतो, आपल्या जिवलग मित्रासाठी कबर तयार करतो आणि तिच्या उशाशी शिळा उभी करतो. शिळेवर नाव असतं 'जेम्स आर. कर्क' आणि त्याखाली 'सी १२७७.१ ते १३१३.७'.

दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा दृश्य मागे नेऊन पुन्हा बघायची सोय नव्हती. शिळा दिसायची, जायची. आता ती थांबवून हवी तितकी वाचता येते आणि वाद घालणारे सगळे त्या 'आर'वरच थांबतात. कारण पुढे कर्कचं मधलं अक्षर 'टी' ठरलं. पहिल्याच सीझनमधल्या 'कोर्ट मार्शल'मध्ये संगणक त्याचं नाव 'जेम्स टी. कर्क' असं वाचतो. 'टी' म्हणजे टायबेरियस, हे तर १९७४च्या अॅनिमेटेड मालिकेतल्या 'बेम' या भागात प्रथम कळलं.

मालिकेच्या लेखिका डी. सी. फोन्टाना यांनी लिहून ठेवलंय की, ही गफलत लक्षात आल्यावर मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी एक उत्तर तयार ठेवलं होतं: मिचेलला देवाची ताकद मिळाली तरी तो मुळात माणूसच, तेव्हा त्याच्याकडून चूक झाली. उत्तर चतुर आहे, पण मला ते अजिबात पटत नाही. याच भागात मिचेल आजारपणात जहाजाचं ग्रंथालय झपाट्याने वाचून काढतो, पानाचा आकडा सांगितला की त्या पानावरची कविता म्हणून दाखवतो. कर्कशी त्याची ओळख अकादमीतल्या दिवसांपासूनची. अशा माणसाला मित्राचं नाव आठवू नये? आणि जे लेखक 'हे वेगळंच समांतर विश्व होतं' म्हणून मोकळे होतात, त्यांना तर कुठलीच चूक चूक म्हणता येणार नाही.

आपली नेहमीची कसोटी लावून बघू. त्याच भागात जे एकमेकांशी भिडतं, ती चूक. पुढे ठरलेल्या गोष्टींशी जे जुळत नाही, त्याचा दोष मागच्या लोकांच्या माथी मारता येत नाही. जुलै १९६५मध्ये कर्क हे पात्र पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभं राहत होतं. 'टी' तोवर पडद्यावर आलेलाच नव्हता. या भागात 'आर'ला विरोध करणारं एकही वाक्य नाही. म्हणजे 'आर' निर्दोष.

आता खालच्या ओळीकडे या. उजवीकडचा आकडा १३१३.७. भागाच्या अखेरीस कर्क रोजनिशीत मिचेल आणि जहाजावरच्याच डॉक्टर डेनर यांच्या मृत्यूची नोंद करतो, तिची स्टारडेट १३१३.८. किती नेमकं! ज्याने ही शिळा रंगवली किंवा रंगवून घेतली, त्याच्यापुढे संहितेतल्या तारखा होत्या. मिचेलने मित्रासाठी ठरवलेल्या घटकेलाच तो स्वतः त्या कबरीत गाडला गेला, हा योग मला दरवेळी अस्वस्थ करतो.

आणि याच नेमकेपणामुळे डावा आकडा उघडा पडतो. १३१३.७मधून १२७७.१ वजा केले की उरतात ३६.६. कर्कचं वय म्हणून हा आकडा अगदी शोभतो. दुसऱ्या सीझनच्या 'द डेडली इयर्स'मध्ये तो आपलं वय चौतीस सांगतो. म्हणजे कोणीतरी एक आकडा म्हणजे एक वर्ष असं धरून जन्मतारीख काढली असावी. पण या भागातली पहिली नोंद आहे १३१२.४ची आणि शेवटची १३१३.८ची. त्या हिशेबाने जहाजावरच्या या धावपळीला जवळजवळ दीड वर्ष लागलं! पुढे लेखकांसाठी जी मार्गदर्शिका निघाली, तिच्यात तर एक आकडा म्हणजे एक दिवस असं उदाहरण देऊन सांगितलंय. तसं मोजलं तर कर्क अवघ्या पाच आठवड्यांचा ठरतो. जन्मवेळच चुकलेली पत्रिका हातात घेऊन आपण इतकी वर्षं नावाच्या काना-मात्रेवर भांडतो आहोत.

पळवाट एकच, ते 'सी' अक्षर. 'सी' म्हणजे 'सुमारे' असं काही जण म्हणतात, पण दशांशापर्यंत दिलेल्या तारखेला सुमारे कसलं? 'सी' म्हणजे कमांड, जहाजाची सूत्रं हाती घेतल्याची तारीख, हा अर्थ मला जास्त जवळचा वाटतो. त्यातही अडचण आहेच. सूत्रं घेऊन पाचच आठवडे झालेला कप्तान आणि त्याचे सहकारी एकमेकांशी इतक्या सरावाने वागतील, हे या भागातले प्रसंग बघून मानवत नाही. तेव्हा माझा निकाल असा: नाव बरोबर, मृत्यूची तारीख बरोबर, चूक फक्त १२७७.१ या आकड्याची.

आता पुढच्या आठवड्यात खान नक्की. तोवर १६ फेब्रुवारी १९६७ला दाखवलेला 'स्पेस सीड' बघून ठेवा, आणि जहाजावर कोण कोण दिसतं ते नीट टिपा. चेकॉव्ह मालिकेत आला त्यानंतरच्या सप्टेंबरात, आणि १९८२च्या चित्रपटात खान मात्र त्याला पाहताक्षणी ओळखतो.