भाजीचे वाण मीठ सोसतात, पण किती?



उसाच्या वावराच्या खालच्या टोकाला, पाटाचे पाणी जिथे जाऊन थांबते, तिथे आपण घरापुरती भाजी लावतो. काही वर्षांनी नेमकी तिथेच मातीवर पांढरी खार दिसू लागते. घेवडा पिवळा पडतो, कांदा पोसत नाही. मग आपण म्हणतो, "बियाणेच खोटे निघाले!" आणि खार सोसणारे वाण शोधत फिरतो. असे वाण नाहीत असे नाही, पण आधी हिशेब पाहा.

मातीतील क्षार डेसिसायमन या मापाने मोजतात. संपृक्त अर्काच्या तपासणीनुसार पीक कितीपर्यंत बिनघोर राहते ते असे : घेवडा 1, कांदा व मुळा 1.2, मिरची 1.5, कोबी 1.8, पालक 2, टमाटे 2.5, बीट 4. आपला ऊस 1.7, तर पऱ्हाटी 7.7. या मर्यादेपुढे दर एककाला घेवड्याचे उत्पन्न सुमारे 19 टक्के, कांद्याचे 16, टमाट्याचे 10 आणि उसाचे 6 टक्के घटते.

म्हणजे क्षार 3 वर गेले की घेवडा 38 टक्के बुडाला. तो डोळ्यांना दिसतो. त्याच वावरात ऊस मात्र 8 टक्केच घटतो आणि हिरवागार दिसतो! एकरी 40 टन काढणाऱ्याचे 3 टन असे गुपचूप जातात. तेव्हा भाजीचा तुकडा ही उसाची धोक्याची घंटा समजा.

आता वाणांचे. गालापागोस बेटांवर समुद्रकाठी वाढणारे रानटी टमाटे 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी तपासले. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही ते तगले. पण फळ बोराएवढे! तो गुण बाजारच्या टमाट्यात आणणे सोपे गेले नाही, कारण मीठ सोसणे एका गुणसूत्राच्या एका तुकड्यावर अवलंबून नसते. पालकात राजस्थानचे 'जोबनेर ग्रीन' हे वाण चोपण जमिनीतही चांगले येते. बीट मोठे झाल्यावर खार सोसते, पण उगवताना तेही नाजूकच. म्हणून वाणाने वेळ मिळतो, जमीन सुधारत नाही.

आपल्या शेजारचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा पाहा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. विहिरीचे पाणी खारे, काळी माती चिकट, निचरा नाही. तिथला शेतकरी विहिरीच्या भरवशावर बागायत करीत नाही. पावसाचे पाणी शेततळ्यात धरतो. आपल्याकडे ओलित गोडे आहे, पण काळी माती तीच. जास्त पाणी, बंद नाले आणि उन्हाचा तडाखा, एवढ्याने खार वर येते.

मग करावे काय?

1. माती व विहिरीचे पाणी तपासून घ्या. प्रयोगशाळेत 'संपृक्त अर्क की 1:2.5 चे द्रावण' हे विचारा. दुसऱ्या पद्धतीत आकडा लहान येतो व वरच्या मर्यादांशी जुळत नाही.

2. आधी निचरा. धुऱ्यालगतचे चर मोकळे करा. पाणी बाहेर गेल्याशिवाय मीठ बाहेर जात नाही.

3. जिप्सम फक्त चोपण जमिनीला, तेही तपासणीच्या मात्रेनेच. नुसत्या खारवट जमिनीला गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय.

4. रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नका, बगलेला लावा. मीठ माथ्यावर गोळा होते. रोप गोड्या मातीत तयार करून मगच लावा.

5. उसाला पाणी मोजून द्या. जमल्यास ठिबक करा.

बंधूंनो, खार एका रात्रीत येत नाही आणि एका रात्रीत जातही नाही. या हंगामात एकदा तरी वावराच्या त्या खालच्या कोपऱ्यात जाऊन घेवड्याकडे नीट बघा. तो बोलतो ते उसाबद्दलच असते.