पहाटे तीनला उघडणारे डोळे



वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपलं की बायका माझ्याभोवती बसतात. कुणाचं बीपी, कुणाची शुगर, कुणाचे गुडघे. एकदा एक बाई बाकीच्या उठून जाईपर्यंत थांबली. "ताई, रोज पहाटं तीनला डोळं उघडत्यात. मग झोप न्हाई. छातीत धडधडतंय, कामाला हात उचलत न्हाई. घरात म्हणत्यात, तुला कमी काय हाय?" दोन महिने हेच चाललं होतं. अंगारे-धुपारे आपण सोडले, पण तिला सासूने ऐकवलं होतं, "बाबासाहेबांची लेक अशी रडत बसत नाही." मला विचाराल तर हा नवा अंगाराच.

तिच्या शरीरात काय होत असावं ते सांगते. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते. संकट आलं की मेंदू तिला निरोप धाडतो आणि ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. साखर वाढते, अंगात बळ येतं. हे वाईट नाही; कॉर्टिसॉलशिवाय माणूस जगत नाही. एरवीही ते सकाळी जास्त आणि मध्यरात्री सगळ्यांत कमी असतं.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्याला माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. कॉर्टिसॉलचंही तसंच. रक्तात पुरेसं झालं की मेंदू ते ओळखतो आणि निरोप थांबवतो. नैराश्य आलेल्या बऱ्याच जणांत, विशेषतः आजार तीव्र असेल तर, हा दरवाजा नीट मिटत नाही. संकट संपलं, रात्र झाली, तरी विसर्ग चालूच. सगळ्यांचंच असं होतं असं नाही.

विसर्ग वाढतो कशाने? प्रयोगशाळेत केलेल्या 208 अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2004 साली प्रसिद्ध झाला. चारचौघांत आपली पारख होते आणि परिस्थिती आपल्या हातात नसते, तेव्हा कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं, असं त्यात दिसलं. ते प्रयोग थोड्या वेळाचे होते. आपल्या माणसांना मुकादमासमोर, भाड्याची खोली शोधताना, आडनाव सांगताना ही परीक्षा वर्षानुवर्षं द्यावी लागते. पंचगंगेचं पाणी 2019 ला आणि पुन्हा 2021 ला घरात शिरलं त्यांना 'हातात काही नसणं' समजावून सांगायला नको.

त्या बाईच्या नवऱ्याने विचारलं, "मग रक्त तपासून आणू का?" नको. 1981 च्या सुमाराला डॉक्टरांनाही अशीच आशा होती. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल उतरतं का ते पाहायचं. पण दुसऱ्या आजारांत, वजन घटलं तरीही ते उतरत नाही असं आढळलं. म्हणून निदान आजही बोलून, विचारून होतं. ते पैसे वाचवा.

दमा-सांधेदुखीसाठी घरात कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या खात असेल तर तेही डॉक्टरला सांगा. त्या कॉर्टिसॉलच्याच जातीच्या. मन बिघडवू शकतात, आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं.

झोप, भूक, कामातलं मन दोन आठवडे उडालेलं असेल तर सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीत जा. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने घ्यावी लागते. इथेच आपले लोक सोडून देतात. आनापान जरूर करा, पण गोळी ठेवून. आजार जोरात असताना डॉक्टरांना न विचारता दहा दिवसांच्या शिबिराला बसू नका.

मरणाचे विचार येत असतील तर 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. केसच्या भीतीने लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं काम ठरतं.

ती बाई आता सहाव्या महिन्यात आहे. गोळ्यांची पट्टी सासूच मोजून ठेवते.