चेतक मागून का नाचते?

जुन्या बजाज चेतकचं मागचं चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा त्याच्याबरोबर अख्खं इंजिनही उतरतं. चाक वर आलं की सिलिंडर, गिअरबॉक्स, कार्बोरेटर असा सगळा संसार वर येतो. मोटरसायकलीचं इंजिन सांगाड्यात पक्कं बसवलेलं असतं आणि मागचं चाक वेगळ्या चिमट्यावर हलतं. चेतकला असा वेगळा चिमटाच नाही. इंजिनचं ओतीव कवच हाच तिचा चिमटा. ते पुढच्या टोकाला एका लांब बोल्टवर झुलतं, मागच्या टोकाला एकच शॉकअप त्याला पेलतो आणि चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. त्यामुळे गाडीला चेन लागत नाही.

ही ठेवण विमानं घडवणाऱ्या डोक्यातून आली. 1946 साली इटलीत पियाजिओची व्हेस्पा बाजारात आली. तिचा आराखडा कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचा होता. बजाजने आधी पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या आणि 1972 मध्ये स्वतःच्या नावाची चेतक आणली. नाव बदललं, झुलणारं इंजिन तेच राहिलं.

अशी गाडी मागून नाचायला लागली की ‘शॉकअप गेला’ एवढंच म्हणून आपण मोकळे होतो. पण तिथे तीन वेगवेगळी कामं चालू असतात. स्प्रिंग वजन पेलते. शॉकअपमधलं तेल हालचाल गिळतं. इंजिनच्या बोल्टभोवतीचे रबरी बुश चाकाला सरळ रेषेत धरून ठेवतात. तिघांची दुखणी निराळी आणि प्रत्येकाची खूणही निराळी.

स्प्रिंग दणका नाहीसा करत नाही, साठवून ठेवते. बळ दुप्पट केलं की दबणंही दुप्पट, हा तिचा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये छापून सांगितला. त्यातून एक अजब गोष्ट निघते. स्प्रिंग वजनाखाली किती दबली एवढं कळलं, की गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते सांगता येतं. ती मोकळ्या लांबीपेक्षा 6 सेंटिमीटर दबत असेल, तर सेकंदाला साधारण 2 वेळा. चादरींचा गठ्ठा लादून ती जास्त दबली, तर ठेका संथ होतो. कडक स्प्रिंग टाकून दबणं 3 सेंटिमीटरवर आणलं, तर ठेका जवळपास 3 वर जातो. म्हणजे तेल संपलेल्या शॉकअपला कडक स्प्रिंग घातल्याने नाच थांबत नाही, नुसता जलद होतो.

नाच थांबवतं ते तेल. शॉकअपच्या नळीत दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक हललं की तेलाला त्या भोकांतून पलीकडे जावं लागतं. या झटापटीत हालचालीची उष्णता होते. मागच्या चाकावर 120 किलो भार आहे आणि तो 5 सेंटिमीटर खाली आदळला असं धरा. त्यात सुमारे 60 ज्यूल ऊर्जा असते. ती सगळी 100 मिलिलिटर तेलात उतरली, तर तेल अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तापेल. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो, तो हा खड्ड्यांचा हिशेब. तापलेलं तेल पातळ होतं आणि कमी अडवतं. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत म्हाताऱ्या शॉकअपची कसोटीच असते.

त्यात इथली काळी माती. पावसात तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर उठतो, बसतो आणि लाटांसारखा होतो. समजा, अशा लाटा पाच-पाच मीटरवर आहेत. ताशी 36 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 10 मीटर जाते, म्हणजे रस्ता तिला सेकंदाला 2 धक्के देतो. हाच स्प्रिंगचा ठेका! झोका नेमक्या क्षणी ढकलत राहावा, तसं होतं. तेल शाबूत असेल तर ते प्रत्येक धक्का जागीच गिळतं. नसेल तर उसळी वाढत जाते, चाक क्षणभर रस्ता सोडतं आणि नेमका तेव्हाच ब्रेक लावला तर तो कामाचा नसतो. वेग थोडा कमी केला की नाच ओसरतो, यामागे हेच गणित आहे.

आता तपासणी. सगळ्यात आधी हवा बघा. मऊ टायरही गाडी डोलवतो. मग मागची सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर तेल ठीक. दोन-तीनदा उसळली तर तेल गेलं. रॉडभोवती धूळ चिकटून काळा चिकट थर झाला असेल, तर ऑइल सील फुटलं आहे. उसळत नाही पण रिकामी असतानाही मागून बसलेली दिसते, तर स्प्रिंग थकली. शॉकअपच्या वरच्या टोकाला रबरी ठोकळा असतो. तो झिजला की खड्ड्यात ‘ठक’ असा आवाज येतो.

बुशची परीक्षा वेगळी. गाडी डबल स्टँडवर लावा आणि कुणाला तरी हँडल दाबून धरायला सांगा, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहील. चाक वर-खाली धरून आडवं हलवा. चाकाबरोबर इंजिनही हललं तर बुश खाल्ले आहेत. इंजिन स्थिर आणि चाकच डुगडुगलं तर नट ढिला किंवा बेअरिंग गेलं. चालवताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दिला की गाडीची मागची बाजू कडेला सरकते, ही बुशचीच तक्रार. तिथे नवा शॉकअप टाकणं म्हणजे पैसे वाया.

शॉकअप मात्र घरी उघडू नये. दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेलं बळ पाना निसटताच बाहेर येतं आणि हात जायबंदी करतं.

ही तीन कामं प्रत्येक गाडीत असतात, फक्त ती करणारे बदलतात. लोखंडी पाट्यांवर चालणाऱ्या ट्रकमध्ये पाटे वजन पेलतात, चाकाला जागेवर धरतात आणि एकमेकांवर घासून थोडी हालचालही गिळतात. त्यामुळे गाडी कुठलीही असो, गॅरेजमध्ये ‘शॉकअप बदला’ असं सांगण्याआधी एवढंच विचारा: वजन पेलवत नाही, हालचाल थांबत नाही, की चाक सरळ राहत नाही? यातल्या एकावर बोट ठेवता आलं, तर बिल निम्म्यावर येऊ शकतं.